उलट्या पिळाचा दोर

मित्रांनो, सोन्याचं चर्च बघायला या जुन्या शहरात तुम्ही कधी आला असाल, तर जाता-येता मला ओलांडून गेलाही असाल. मंडईच्या पायऱ्यांवर भिंतीला टेकून हमाल बसलेले असतात. त्यांतल्या एकाच्या पायाशी मी वेटोळं करून पडलेला असतो. कुणाला मी साप वाटतो, कुणाला कचरा. जुना झालोय, नाही कशाला म्हणू? अंगावरचे केस उभे राहिलेत, मधोमध काळा पडलोय, घामाचा वास तर आता धो धो पावसानंही जात नाही. पण दोर आहे मी अजून. ओझं धरतो. फक्त एक गोष्ट फार दिवस धरून ठेवली आहे, तिचा भार आता सोसवत नाही.

या शहराचं नाव क्विटो. माझा जन्म इथला नव्हे. दक्षिणेला चिंबोरासो नावाचा बर्फाचा डोंगर आहे. आम्ही त्याला ताइता म्हणतो, म्हणजे बाप. आमच्याकडं कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला ताइताच म्हणतात आणि वडीलधाऱ्या बाईला ममा. तर त्या बापाच्या पायथ्याशी, एका शेताच्या बांधावर मी घायपात होऊन उभा होतो. निळसर, काटेरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एके दिवशी ताइता असेन्सियो विळा घेऊन आला. त्यानं माझी पानं कापली, ओढ्याच्या डबक्यात कुजत घातली, दगडावर ठेचली, पुन्हा धुतली. त्या पाण्यानं त्याच्या हाताला फोड आले. मग आतून पांढरा वाख निघाला, आणि त्याची बायको त्रान्सितो तो वाख मांडीवर घेऊन एखाद्या मुलीचे केस विंचरावेत तशी विंचरत बसली.

असेन्सियो डावखुरा होता. आमचं सगळं गाव दोर उजवीकडं वळायचं, तो डावीकडं. बांधावरून जाणारे येणारे त्याची थट्टा करायचे.

"असेन्सियो, दोर उलटा वळतोयस. गाय बांधलीस तर ती मागं मागं चालायला लागेल!"

"चालू दे की," तो म्हणायचा. "दूध मागच्याच बाजूला असतं."

तो वळायचा आणि त्रान्सितो टोक धरून गायची:

*पिळावरी पीळ देते, वाख माझा ओला,*
*दोर गेला परमुलखी, पीळ नाही गेला.*

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हा हट्टी माणसाला मारायचा टोमणा आहे. मी मात्र तो आशीर्वाद म्हणून अंगावर घेतला. कारण माझ्याजवळ दुसरं होतं काय? पीळ हीच माझी जात आणि पीळ हेच माझं नाव.

मी लांबलचक होतो. घराच्या दारापासून ओढ्यापर्यंत पोचेन इतका. मी दावं झालो, कासरा झालो, गवताच्या भाऱ्यांना आवळलं. गावच्या चर्चची घंटा वर चढवायची होती तेव्हा दुसऱ्या आळीचा दोर मध्येच तुटला. मग मला आणलं. सगळ्या गावानं मला ओढलं, घंटा वर गेली, आणि पाद्र्यानं घंटेवर पाणी शिंपडलं तेव्हा चार थेंब माझ्यावरही पडले. त्या दिवशी उलट्या पिळाला कुणी हसलं नाही.

पण माझं खरं काम धुक्यातलं. आमच्या वरच्या माळावर गवत कापायला जावं लागतं, आणि तिथं धुकं असं उतरतं की स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा माणसं एका दोराला धरून चालतात. त्याचे नियम आहेत. दोर सोडायचा नाही. सुटलाच तर जागचं हलायचं नाही, हाक मारायची. आणि दोर कुणी ओढला तर विचारत बसायचं नाही, ओढला तिकडं जायचं. कारण ज्यानं ओढलं त्याला काहीतरी दिसलेलं असतं. आमच्याकडची पोरं चालायला शिकतात तेव्हाच हे शिकतात.

पुढं असेन्सियो छातीच्या दुखण्यानं गेला. त्याची पेटी खड्ड्यात उतरवली ती माझ्यावरून. ज्याच्या हातानं मला पीळ दिला, त्याला मी मातीपर्यंत पोचवला आणि रिकामा वर आलो.

घरात उरली त्रान्सितो आणि मुलगा मेलचोर. जमीन इतकी थोडी की बटाटे काढले की चिखल तेवढा उरायचा. मेलचोर शहराला निघाला.

"तिथं करशील काय?" त्रान्सितोनं विचारलं.

"हमाली. पाठ आहे, पाय आहेत. आणखी काय लागतं?"

"दोर लागतो," ती म्हणाली.

तिनं मला अंगणात सरळ पसरलं. असेन्सियो नेहमी सांगायचा, दोर सोडवावा, कापू नये. पण तिनं विळा आणला आणि मला मधोमध कापलं. दुखलं का म्हणून विचारू नका. कापलेली टोकं उसवू नयेत म्हणून तिनं त्यांना लाल लोकर गुंडाळली, दोन्ही टोकांना एकाच गुंड्याची. मग एक अर्धा मेलचोरच्या खांद्यावर टाकला.

"हा धाकटा तुझ्याबरोबर. थोरला माझ्याजवळ. सणाला दोघांना एकत्र आणून बांध म्हणजे झालं."

"बांधीन की, ममा. अशी गाठ मारीन, तुला दातानंही सुटायची नाही."

"दात उरलेत कुठं?" ती म्हणाली. दोघं हसली. तो उतरणीला लागला, आणि वळणाआड जाईपर्यंत थोरल्याला, म्हणजे मला, धाकट्याचं लाल टोक दिसत होतं.

तेव्हा आमच्या गावात फोन नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी निरोप यायचा. आधी साखर आली, पाव आले, आईला एक टोपी आली. मग नुसता निरोप आला, बरा आहे म्हणून. मग तोही येईना. सण आले, गेले. मी खुंटीला टांगलेला असायचो. त्रान्सितो चुलीपुढं बसल्या बसल्या माझं लाल टोक बोटात धरायची आणि सोडून द्यायची. कुणी विचारलं की म्हणायची, "कामात असेल."

गावातल्या बायका मिळून घोंगड्या विणायच्या. एका साली घोंगड्यांना बरा भाव आला. वाटून घ्यायचं तर कुणाच्याच हाती काही लागलं नसतं. तेव्हा पेत्रोना म्हणाली, "वाटून काय करायचं? मीठ आणायचं आणि मीठ संपवायचं. त्यापेक्षा राजधानी बघू. जन्मभर जिचं नाव ऐकतोय ती आहे की नाही, ते तरी कळेल."

पेत्रोना म्हणजे गावचं तोंड. तिच्या जिभेला कुणाचा मुलाहिजा नाही. बायका हसल्या, पण ठरलं. त्रान्सितो आजवर कुठल्या जत्रेलाही गेली नव्हती. ती सगळ्यात आधी म्हणाली, मी येते. कशासाठी ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

शेजारच्या गावचा एक म्हातारा असाच शहर बघायला गेला आणि गर्दीत हरवला होता. म्हणून ताइता गेरवासियो, जो आमच्या चर्चमध्ये प्रार्थना सांगायचा, त्यानं सुचवलं, "दोर घेऊ. धुक्यात धरतो तसा धरू." त्रान्सितोनं मला खुंटीवरून काढलं.

बस पहाटे निघाली आणि ऊन वर आल्यावर क्विटोत पोचली. मोठ्या चौकाच्या कोपऱ्यावर हिमेना नावाची मुलगी आमची वाट बघत उभी होती. शहर दाखवणं हे तिचं काम. गळ्यात शिट्टी आणि काठीला पिवळा रुमाल. बसमधून एकेक जण उतरला, आणि उतरल्या उतरल्या प्रत्येकानं मला हातात धरलं. पुढं गेरवासियो, मध्ये सगळ्या बायका, आणि शेवटी, माझं लाल टोक मुठीत घेऊन, त्रान्सितो.

"हे काय?" हिमेना म्हणाली. "गुरं आणलीत का?"

"गुरं शहाणी असतात, पोरी," पेत्रोना म्हणाली. "ती हरवत नाहीत. आम्ही माणसं."

लोक थांबून बघायला लागले. बुटांना पॉलिश करणारा एक जण ओरडला, "डोंगरातनं माळ आली रे, माळ!" पेत्रोनानं त्याला तिथल्या तिथं ऐकवलं, "माळच आहे. तुझ्या गळ्यात घालू का?" हिमेनाचे कान लाल झाले. पण ती चालायला लागली, आणि आम्ही तिच्या रुमालामागं चाललो.

तिनं चौक दाखवला, राजवाडा दाखवला, घोड्यावरचे पुतळे दाखवले. मग सोन्याचं चर्च आलं. आत शिरताच बायकांच्या माना वर गेल्या. छतापासून खांबांच्या पायापर्यंत सगळं पिवळं धमक.

"हे सगळं सोन्यानं मढवलेलं आहे," हिमेना हळू आवाजात सांगत होती. "पिढ्यान्‌पिढ्या काम चाललं होतं."

"आणि शिड्या कुणी धरल्या होत्या?" पेत्रोनानं विचारलं.

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी," पेत्रोना बायकांना म्हणाली, आणि तिनं खांबाला हात लावून पाहिला. राखणदार धावत आला तेव्हा तिनं हात शालीआड घेतला.

त्रान्सितोनं सोन्याकडं बघितलंच नाही. मला कळत होतं, कारण मी तिच्या मुठीत होतो. ती दाराकडं बघत होती, रस्त्याकडं बघत होती. समोरून जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाची पाठ बघत होती. एखादी पाठ जरा वाकलेली दिसली की तिची मूठ आवळायची, आणि माणूस वळला की सैल पडायची. सकाळभर मी त्या मुठीत आवळला जात होतो आणि सुटत होतो.

जेवायला आम्ही चौकातच शाल पसरली. त्यावर सगळ्यांनी आपापली गाठोडी रिकामी केली. उकडलेले बटाटे, भाजलेला मका, बाकल्याच्या शेंगांचे दाणे, सातूचं पीठ. हिमेना म्हणाली, "इथं बसून खाणं बरं दिसत नाही हो. लोक फोटो काढतायत."

"काढू दे. त्यांनाही भूक लागली असेल. ये, बस, पोरी." पेत्रोनानं तिच्या हातात बटाटा ठेवला. ती आधी उभ्याउभ्याच खात होती, मग बसली.

त्रान्सितोचं गाठोडं मात्र बांधलेलंच होतं.

"ते कुणासाठी राखून ठेवलंयस?" पेत्रोना म्हणाली. "शहरातल्या उंदरांसाठी?"

"ज्याचं आहे त्याच्यासाठी," त्रान्सितो म्हणाली.

पेत्रोनानं आपल्या वाट्याचा मका मुठीनं उचलून त्या गाठोड्याच्या शेजारी ठेवला.

त्रान्सितो हिमेनाला म्हणाली, "पोरी, हमाल कुठं असतात?"

"मंडईत. खालच्या अंगाला. पण मंडई आपल्या फेरीत नाही, सेन्योरा. तिथं बघण्यासारखं काही नाही, आणि पाकीटमार फार."

"माझ्याकडं पाकीट नाही."

"तसं नाही हो. आता टेकडीवर जायचंय. पंखांची माउली बघायची, मेरीची मूर्ती. तिथून सगळं शहर दिसतं. सगळे तिथंच जातात."

टेकडी समोरच दिसत होती, आणि तिच्या माथ्यावर ती पंखांची प्रचंड मूर्ती, जुन्या शहराकडं तोंड करून. आम्ही त्या दिशेनं निघालो. उतरत्या गल्लीच्या तोंडाशी वास आला. कांद्याचा, ओल्या पोत्यांचा, सडक्या फळांचा. मंडईचाच वास तो. त्रान्सितोची पावलं जड झाली. सगळ्यांच्या शेवटी ती होती आणि मी ताणला जात होतो. पुढून गेरवासियो ओरडला, "चला, चला, मागं राहू नका!"

आणि तेव्हाच बाजूच्या बोळातून एक पाठ वर आली आणि आम्हाला ओलांडून मंडईकडं उतरली. पाठीवर बटाट्यांची पोती, एकावर एक. पोत्यांभोवतून छातीवर आवळलेला दोर. झिजलेला, काळाकुट्ट. पण दोराला दोर ओळखायला रंग लागत नाही. उलटा पीळ. डावीकडं वळलेला. आणि गाठीच्या खाचेत अडकून राहिलेला लाल लोकरीचा एकच धागा.

धाकटा होता तो. मला हाक मारता येत असती, तर मी त्या गल्लीत केवढ्यानं ओरडलो असतो!

माझी गरज लागली नाही. त्रान्सितोनंही पाहिलं होतं.

ती वळली आणि धावली. दोर तिच्या मुठीत होता, आणि दोर ओढला की आमची माणसं विचारत नाहीत. पेत्रोना वळली, तिच्यामागची वळली. गेरवासियो मघापर्यंत पुढं होता, तो आता शेपटाला आला. सगळी माळ उलटी होऊन उतारानं मंडईत शिरली. हिमेना शिट्टी वाजवत मागून धावत होती, "अहो, तिकडं नाही! तिकडं नाही! थांबा!" पण धुक्यात शिट्टी कोण ऐकतं? टोपल्या लवंडल्या, संत्री घरंगळली, कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं. कुणी दोर सोडला नाही.

पायऱ्यांवर त्रान्सितोनं त्या माणसाला गाठलं आणि दोन्ही हातांनी पाठीमागून धाकट्याला धरलं.

"मेलचोर! अरे मेलचोर, किती रे वाट बघायला लावलीस!"

माणूस थांबला. ओझ्यासकट त्याला पटकन वळता येईना. तो भिंतीला पाठ लावून सावकाश फिरला. चेहरा मेलचोरचा नव्हता. त्याच्याहून थोराड, गालाची हाडं वर आलेली, एक डोळा पांढरा. त्यानं आधी तिच्याकडं बघितलं. मग तिच्या मुठीतल्या माझ्याकडं, माझ्या लाल टोकाकडं.

त्यानं पोती कठड्यावर टेकवली आणि तो खाली बसला, जसा कुणी खूप चालून आल्यावर बसतो.

"आलात," तो म्हणाला. "आलात एकदाच्या."

"माझा मुलगा कुठाय? हा दोर त्याचा आहे. तू चोरलास का?"

"नाही, ममा. माझं नाव बासिलियो. आम्ही एकत्र झोपायचो, इथंच, वखारीच्या मागं. आम्ही त्याला उलट्या म्हणायचो. या पिळावरून. त्याचं खरं नाव मी तुमच्या तोंडून आत्ता ऐकलं."

"कुठाय तो?"

बासिलियोनं टोपी काढली. पायऱ्यांवरच्या सगळ्या बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"खोकायचा," तो म्हणाला. "थंडीत ओलीवर झोपून. रक्त पडायचं. मी म्हटलं, घरी जा. तो म्हणायचा, असं कसं जाऊ, रिकामा? बरा झालो की जाईन. एक दिवस ओझं घेऊन चढत होता, त्या तिथं, चौथ्या वळणाला. जरा बसतो म्हणाला. ओझं उतरवलं नाही. मला वाटलं डुलकी लागली. ओझ्यासकट बसला तो बसलाच, ममा."

त्रान्सितोनं मला सोडलं नाही.

"कळवलं का नाहीस?" हा आवाज पेत्रोनाचा होता, आणि त्यात टोमणा नव्हता.

"कुणाला कळवू? तुझं गाव कुठलं विचारलं की डोंगराकडचं म्हणायचा. इथं सगळेच डोंगराकडचे. आम्ही वर्गणी काढून पुरला. क्रूसावर काय लिहायचं ते कळेना. म्हणून दोराची वीतभर कापून त्याची गाठ क्रूसाला मारली. उरलेला दोर मी घेतला."

"घेतलास!" त्रान्सितो पहिल्यांदा ओरडली. "मेल्याचा दोर घेतलास!"

"आम्हा हमालांत मेलेल्याचा दोर पुरत नाहीत," बासिलियो शांतपणे म्हणाला. "चालता ठेवतात. पाठीवर, दिसेल असा. या शहरात रोज माणसं येतात, डोंगराकडची. त्यांतलं कुणीतरी एक दिवस ओळखेल, हा दोर आमच्या घरचा म्हणून. माझा स्वतःचा दोर मी एका नव्या माणसाला दिला. हाच बांधत आलो. रोज इथून वर आणि वरून खाली. लोक म्हणायचे, टाकून दे, तुटेल आणि पाय मोडेल. म्हटलं, याचं माणूस येऊ दे. मग तुटू दे."

खालून एका व्यापारीण बाईचा आवाज आला, "बासिलियो! पोती काय तिथं रोवायचीत का? गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"आलो, ताई, आलो!" त्यानं तिकडं न बघता उत्तर दिलं आणि धाकट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. तेव्हा त्रान्सितो पुढं झाली. ती गाठ तिनंच मेलचोरला शिकवली होती, आणि मेलचोरनं याला. तिनं ती एका झटक्यात सोडली.

धाकटा तिच्या हातात आला. मधोमध तो इतका झिजला होता की तिन्ही पदरांतला एकच शाबूत होता. आणखी एक हेलपाटा, फार तर दोन. मी त्याच्या शेजारी होतो. आमची कापलेली टोकं पुन्हा एकमेकांना लागली. मला वाटलं, आता ती आम्हाला बांधेल. तिनंच म्हटलं होतं तसं.

तिनं धाकट्याला वेटोळं करून शालीत, छातीशी बांधलं. लेकरू बांधतात तसं. मग पोत्यांकडं पाहिलं, बासिलियोकडं पाहिलं.

"ही आता कशानं नेशील?"

"बघतो कुठं काही मिळतंय का."

त्रान्सितो मागं वळून आपल्या माणसांना म्हणाली, "दोर सोडा."

कुणी हलेना. दोर सोडायचा नाही, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेली माणसं ती. पेत्रोना म्हणाली, "मग आम्ही काय धरायचं?"

"एकमेकांना धरा," त्रान्सितो म्हणाली.

पेत्रोनानं आधी सोडला. मग एकेक हात माझ्यावरून उठत गेला. सगळ्यात शेवटी गेरवासियोचा.

मग तिनं स्वतः मला त्या पोत्यांभोवती घातलं, बासिलियोच्या छातीवरून घेतलं आणि आवळलं. असेन्सियोच्या पाठीवर गवताचा भारा आवळायची तसंच. गुडघा लावून. गाठ मारली, ओढून बघितली.

"ऊठ," ती म्हणाली. "जपून उतर. आणि खोकला आला तर घरी जा. रिकामा जा. आईला रिकामाच लेक हवा असतो."

बासिलियोनं हात वर करून दूरवर दाखवलं. पंखांच्या माउलीची टेकडी, आणि तिच्या पलीकडचा उतार.

"तिच्या पाठीमागं आहे तो. दक्षिणेला. माउलीचं तोंड या बाजूला, पाठ त्या बाजूला. वरून भिंत दिसेल, पांढरी. शेवटच्या ओळीत. क्रूसाला गाठ आहे."

त्रान्सितोनं हिमेनाकडं पाहिलं. ती मुलगी काठी टाकून एका म्हातारीची सांडलेली संत्री वेचून देत होती. तिचा पिवळा रुमाल चिखलात पडला होता.

"पोरी, त्या माउलीच्या पाठीमागं जाता येतं?"

"तिकडं कुणी..." हिमेना बोलता बोलता थांबली. तिनं डोळे पुसले. "येतं, ममा. मी नेते. बसवाला कुरकुरला तर कुरकुरू दे."

सबंध दिवसात ती तिला पहिल्यांदा ममा म्हणाली.

ती माणसं पायऱ्या चढून गेली. एकमेकींच्या शाली धरून, गेरवासियोच्या अंगावरचा लोकरी पोंचो धरून. मी बासिलियोच्या पाठीवर होतो आणि तो उतरत होता, त्यामुळं फार वेळ दिसली नाहीत. पेत्रोनाची पाठ दिसली, तिनं त्रान्सितोचा हात घट्ट धरला होता. मग पोत्यांचा काठ मध्ये आला.

ती माणसं तिकडं पोचली की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. रविवारी बासिलियो तिकडं गेला. मी त्याच्या खांद्यावर होतो. शेवटच्या ओळीत तो क्रूस उभा होता. वीतभर दोराची जुनी गाठ तशीच होती. तिच्याभोवती नवी लाल लोकर गुंडाळली होती, उसवू नये म्हणून गुंडाळतात तशी. खाली मातीवर सातूच्या पिठाचा पांढरा डाग होता, आणि भाजलेल्या मक्याचे दाणे चिमण्या टिपत होत्या. बासिलियो बराच वेळ बसला. मग त्यानं दाणा उचलून तोंडात टाकला आणि आम्ही मंडईत परतलो.

तेव्हापासून मी इथंच आहे, मित्रांनो. ज्या वळणाला मेलचोर बसला, त्या वळणावरून रोज जातो. धाकटा घरी खुंटीला असेल. मी शहरात. सणाला आम्हाला एकत्र बांधणारं कुणी राहिलं नाही. बासिलियोचा दुसरा डोळाही आता पांढरा होत चाललाय. पायऱ्या तो पायानं मोजतो. नवा माणूस हमालीला आला की तो त्याला गाठ शिकवण्याआधी बसवून घेतो आणि विचारतो, "गाव कुठलं? डोंगराकडचं नको सांगूस. नाव सांग. आईचं नाव सांग." आणि दोनदा म्हणून घेतो. पोरं हसतात. तो हसत नाही.

माझाही एक पदर सुटायला लागलाय. एक दिवस मी तुटेन, किंवा बासिलियो बसेल तो बसेलच. त्यानं सांगून ठेवलंय, हा दोर पुरायचा नाही. मी दुसऱ्या कुणाच्या पाठीवर असेन, चालता.

म्हणून एवढं ऐका. सोनं बघा, पुतळे बघा, टेकडीवर जा. पण पायऱ्यांवर समोरून ओझं आलं तर भिंतीला लागून उभे राहा, त्याला आतली बाजू द्या. त्याचा दोर विरला असेल तर सांगा त्याला, मागून त्याला दिसत नाही. आणि तुमच्या घरचं कुणी लांब गेलं असेल, निरोप येईनासा झाला असेल, तर 'कामात असेल' म्हणून चुलीपुढं बसू नका. निघा. ते जिवंत असेपर्यंत निघा.

जाताना पाठींकडं बघत जा. उलट्या पिळाचा एक दोर दिसेल. लाल टोक आता मळून काळं झालंय, पण पीळ तोच आहे. ज्यांनी ओळखायचं ते येऊन गेले. तुम्ही नुसती वाट द्या.